आपल्या नावावर कोर्टाचं वॉरंट आहे का ते कसं शोधायचं आणि रद्द कसं करून घ्यायचं

जुना चेक बाउन्सचा मॅटर, कॉलेजच्या वयातली एखादी मारामारीची केस, बायकोने टाकलेली पोटगीची केस, कोणाच्या तरी गाडीला धक्का लागला तो 279 चा (बेदरकार गाडी चालवल्याचा) गुन्हा. एकदा जामीन झाला, दोनचार तारखा केल्या, मग नोकरी बदलली, गाव बदललं, आणि केस डोक्यातून गेली. कोर्टाच्या डोक्यातून ती जात नाही. आरोपी गैरहजर म्हणून वॉरंट निघतं आणि माणसाला पत्ताच नसतो, कारण समन्स जुन्या पत्त्यावर जाऊन "सदर इसम राहत नाही" असा शेरा घेऊन परत आलेलं असतं. मी वकिलांच्या ऑफिसात काम करतो, असली माणसं रोज येतात, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकतोय. हे महाराष्ट्रातल्या मॅजिस्ट्रेट कोर्टांपुरतं आहे, गोव्यातही म्हापसा मडगावला कायदा हाच, फक्त तिथल्या ऑफिसच्या पद्धती थोड्या वेगळ्या.

आधी एक गैरसमज काढून टाका. लोकांना वाटतं वॉरंट तीन महिन्यांनी किंवा वर्षाने आपोआप संपतं. नाही संपत. कायद्यातच लिहिलंय की ज्या कोर्टाने काढलं ते कोर्ट रद्द करेपर्यंत किंवा त्याची बजावणी होईपर्यंत वॉरंट चालू राहतं (आधी सीआरपीसी म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 70, आता 1 जुलै 2024 पासून बीएनएसएस म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 72). त्यामुळे 2014 चं वॉरंट 2025 मध्ये घेऊन पोलीस दारात येऊ शकतात आणि येतात पण, विशेषतः निवडणुकीच्या आधी, कारण तेव्हा पेंडिंग वॉरंटची बजावणी करा असे वरून आदेश असतात आणि प्रत्येक पोलीस स्टेशनला आकडा दाखवायचा असतो.

दोन प्रकार लक्षात ठेवा. जामीनपात्र, म्हणजे बी.डब्ल्यू., त्यात वॉरंटवरच लिहिलेलं असतं की इतक्या रकमेचा इतके जामीनदार देऊन बॉन्ड (हजर राहण्याची लेखी हमी) दिला तर सोडा, तो बॉन्ड पोलीसच घेतात आणि अमुक तारखेला कोर्टात हजर राहा म्हणून सोडतात. दुसरं अजामीनपात्र, एन.बी.डब्ल्यू., गावाकडे याला सरळ पकड वॉरंट म्हणतात, त्यात पोलिसांना सोडायचा अधिकार नाही, कोर्टापुढे उभं करावंच लागतं. आणि इथे भरपूर लोक घाबरतात की "अजामीनपात्र आलंय म्हणजे आता जामीनच नाही". असं नाहीये. चेक बाउन्सचा गुन्हा जामीनपात्रच आहे, तरी तुम्ही हजर राहत नाही म्हणून त्यात एन.बी.डब्ल्यू. निघतं. ते फक्त तुम्हाला कोर्टापुढे आणण्यासाठी आहे, गुन्हा त्याने मोठा होत नाही.

सुप्रीम कोर्टाने 2007 मध्येच सांगितलंय की आधी समन्स, मग जामीनपात्र, आणि माणूस मुद्दाम टाळतोय असं दिसलं तरच अजामीनपात्र. प्रत्यक्षात खालच्या कोर्टात एका बोर्डावर (त्या दिवशीच्या केसच्या यादीवर) शंभराच्या वर मॅटर असतात, पुकारा झाला, आरोपी नाही, वकील नाही, की वॉरंटचा हुकूम होऊन जातो, दहा सेकंदाचं काम असतं.

शोधायचं कसं

सगळ्यात सोपं म्हणजे ईकोर्ट्स. वेबसाईट पण आहे आणि ईकोर्ट्स सर्व्हिसेस नावाचं मोबाईल ॲप पण, दोन्ही फुकट, लॉगिन लागत नाही. तुमच्याकडे केसचा सीएनआर नंबर असेल (सोळा अक्षरी, महाराष्ट्राचा असेल तर एमएच ने सुरू होतो, पुढची दोन अक्षरं जिल्ह्याची, पुण्याचा पीयू वगैरे) तर तो टाकला की थेट केस उघडते. नसेल तर केस स्टेटस मध्ये जाऊन राज्य, जिल्हा, कोर्ट कॉम्प्लेक्स निवडायचं आणि पक्षकाराच्या नावाने शोधायचं. मुंबईवाल्यांनी बघा, मुंबईची मॅजिस्ट्रेट कोर्टं यादीत वेगळी दिसतात, तिथे गोंधळायचं नाही.

नावाने शोधताना मेख अशी आहे की नाव ज्या क्लार्कने टाइप केलंय त्याच्या मनासारखं असतं. चव्हाण मध्ये शेवटी एक ए की दोन, देशमुख मध्ये मधला ए आहे की नाही, कुलकर्णी वाय ने की आय ने, कधी आडनाव आधी, कधी वडिलांचं नाव गायब, कधी फर्मच्या नावाने केस आणि तुमचं नाव आरोपी नंबर दोनला. म्हणून पूर्ण नाव टाकू नका, आडनावाची पहिली चार पाच अक्षरं टाका, वर्ष टाका, आणि पेंडिंग-डिस्पोज्ड मध्ये दोन्ही निवडा. वर्ष एकच घेतं म्हणून मागची सगळी वर्षं एकेक करून बघावी लागतात, कंटाळवाणं आहे पण चहा घेऊन बसलं की तासाभरात होतं. गुन्हा दाखल झालेला असेल आणि एफआयआर नंबर माहीत असेल तर पोलीस स्टेशन निवडून एफआयआर नंबरने शोधा, ते जास्त खात्रीचं.

केस उघडली की दोन गोष्टी बघायच्या. एक, स्टेज. तिथे समन्स, बी.डब्ल्यू., एन.बी.डब्ल्यू., अनरेडी असं काहीतरी लिहिलेलं असतं. दुसरी आणि जास्त महत्त्वाची म्हणजे खाली तारखांचा तक्ता असतो, प्रत्येक तारखेवर क्लिक केलं की त्या दिवशी काय झालं ते दोन ओळीत उघडतं, हाच छोटा रोजनामा. तिथे इंग्रजीत "आरोपी गैरहजर, एन.बी.डब्ल्यू. काढा" किंवा "वॉरंट बजावणी न होता परत, पुन्हा काढा" असं सापडेल. कोणत्या तारखेला पहिल्यांदा निघालं ते वहीत लिहून घ्या, अर्जात लागतं. स्टेज मध्ये काही दिसत नसेल तरी तारखा उघडून बघाच, कारण स्टेज बदलायला क्लार्क विसरतात. आणि एखाद्या तारखेचं आत काहीच टाकलेलं नसेल तर त्याचा अर्थ वॉरंट नाही असा काढू नका, ऑनलाईनवर न चढलेला हुकूमही हुकूमच असतो.

जिल्हा कोणता ते माहीत नसेल तर? हा प्रश्न चेकवाल्यांना फार येतो. 2015 पासून नियम असा झालाय की चेक ज्याच्या खात्यात भरला त्याची बँकेची शाखा जिथे आहे तिथे केस पडते. म्हणजे तुम्ही सांगलीत बसून फायनान्स कंपनीचा हप्ता चुकवला तर केस मुंबई पुण्याला, कधी थेट दिल्ली कलकत्त्याला असू शकते. ईएमआयचा ऑटो डेबिट बाउन्स झाला तरी पेमेंट सेटलमेंट कायदा 2007 च्या कलम 25 खाली तशीच केस होते. म्हणून घरी पडलेली जुनी नोटीस, वकिलाचं पत्र, रजिस्टर पोस्टाचं पाकीट शोधा, त्यावर गाव असतं. कंपनीच्या वकिलाला फोन करून केस नंबर विचारला तरी देतात, त्यांना पैसे हवे असतात, तुम्ही आत जाण्यात त्यांना फार रस नसतो.

ऑनलाईन काहीच मिळालं नाही तर कोर्टात जा. जामीन झाला तेव्हाच्या कागदावर केस नंबर असतो, एस.सी.सी. (समरी क्रिमिनल केस) किंवा आर.सी.सी. (रेग्युलर क्रिमिनल केस) अमुक तमुक. तो घेऊन त्या कोर्ट हॉलच्या बेंच क्लार्कला विचारा, सकाळी पावणेअकराला साहेब यायच्या आधी किंवा दुपारच्या सुट्टीनंतर लगेच, बोर्ड चालू असताना मध्ये गेलात तर ओरडा खाल. नंबरच नसेल तर बारनिशीत (कोर्टाच्या आवक-नोंदणी विभागात) चौकशी करावी लागते. वकिलाकडून चौकशी केलेली बरी, कारण तुम्ही स्वतः उभे राहून "माझ्यावर वॉरंट आहे का हो" विचारताय आणि शेजारी कोर्ट पैरवीचा अंमलदार (कोर्टाचं काम बघणारा पोलीस) बसलाय असं होऊ शकतं. लगेच धरतील असं नाही म्हणत मी, पण तो प्रसंग कशाला.

पोलीस स्टेशनला समन्स-वॉरंटचं काम बघणारा एक अंमलदार असतो, त्याच्या रजिस्टरला सगळी आलेली वॉरंट असतात. तिथे ओळखीचं कोणी असेल तर कळतं, पण त्या वाटेने सुरुवात करू नका असं माझं मत. वॉरंटची बजावणी करणं त्याचं कामच आहे, तुम्ही समोर गेलात तर त्याने काय करावं अशी अपेक्षा आहे?

फोनवरचं वॉरंट

व्हॉट्सॲपवर वॉरंटचा फोटो आला, वर अशोकस्तंभ, खाली लाल शिक्का, सीबीआय की ईडी की मुंबई क्राईम ब्रँच, व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस आणि "तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही". हे शंभर टक्के फ्रॉड. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कायद्यात कुठेच नाही आणि वॉरंट रद्द करायला कोणाच्या खात्यात पैसे ट्रान्सफर करायचे नसतात. फोन कट करा, पैसे गेले असतील तर लगेच 1930 ला फोन लावा. नव्या कायद्यात समन्स इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाठवता येतं हे खरंय, त्यामुळे मेसेज आला की खोटाच असंही नाही. त्यातला केस नंबर आणि कोर्टाचं नाव घेऊन ईकोर्ट्सवर ताडून बघा, केस सापडली तर पुढचं बोलू, नाही सापडली तर वकिलाला दाखवा.

रद्द करून घ्यायचं

मूळ सूत्र एकच, पोलीस येण्याआधी स्वतः कोर्टात जा. स्वतःहून आलेल्या माणसाकडे जज वेगळ्या नजरेने बघतात आणि पोलिसांनी धरून आणलेल्याकडे वेगळ्या. वॉरंट ज्या कोर्टाने काढलं त्याच कोर्टात अर्ज द्यायचा, दुसऱ्या कोर्टाकडून ते रद्द होत नाही. हां, वरच्या कोर्टात त्या हुकुमाला आव्हान देता येतं, पण साध्या चेकच्या किंवा किरकोळ मारामारीच्या केसमध्ये त्या भानगडीत पडायची गरज नसते, खाली एका दिवसात होणारं काम वर नेऊन महिना घालवू नका.

दिवस कोणता निवडायचा हे पण बघा. सोमवार ते गुरुवार बेस्ट. शुक्रवारी संध्याकाळ किंवा सुट्टीच्या आदल्या दिवशी कशाला, काही अडकलं, जामीनदार आला नाही, कागद कमी पडला तर मधले दिवस लटकाल. दुसरा आणि चौथा शनिवार कोर्ट बंद. आणि हेच उलट बाजूने पण लागू आहे, पोलीस शुक्रवारी रात्री उचलतात तेव्हा चोवीस तासात कोर्टापुढे न्यावंच लागतं, पण ते सुट्टीचं कोर्ट असतं, तिथे तुमची फाईल नसते, त्यामुळे काम किचकट होतं.

तुमची पुढची तारीख लांब असेल, समजा तीन महिन्यांनी, तर तोपर्यंत थांबायचं नाही. "केस आजरोजी बोर्डावर घेणेबाबत" असा एक अर्ज आणि त्याला जोडून वॉरंट रद्दचा अर्ज, दोन्ही सकाळीच द्यायचे. केस खूप जुनी असेल आणि आरोपी सापडत नाही म्हणून डॉर्मंट फाईलला (तात्पुरती बाजूला) टाकलेली असेल तर फाईल रेकॉर्डमधून वर मागवावी लागते, त्याला दोन चार दिवस जातात कधी जास्त, तेव्हा वकिलाला आधी पाठवून फाईल आणून ठेवायची आणि फाईल टेबलावर आली की मग तुम्ही जायचं.

अर्ज काही मोठा ग्रंथ नसतो, एक पान. वर मे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी साहेब यांचे कोर्टात, केस नंबर, फिर्यादी विरुद्ध आरोपी, मग विषय, आणि खाली साधारण असं:

"आरोपीतर्फे विनंती अर्ज येणेप्रमाणे की, सदर काम आज रोजी मे. कोर्टात प्रलंबित असून मागील तारखेस आरोपी गैरहजर असल्याने मे. कोर्टाने आरोपीविरुद्ध अजामीनपात्र वॉरंट काढण्याचा हुकूम केलेला आहे. आरोपी हा नोकरीनिमित्त अमुक ठिकाणी राहण्यास गेलेला असल्याने त्यास तारखेची माहिती मिळू शकली नाही. आरोपी जाणूनबुजून गैरहजर राहिलेला नाही. आरोपी आज रोजी स्वतः मे. कोर्टासमोर हजर असून यापुढे नेमल्या तारखांस हजर राहण्याची हमी देत आहे. तरी आरोपीविरुद्धचे वॉरंट रद्द करण्याचा हुकूम व्हावा ही विनंती."

कारण खरं लिहा. ॲडमिट होतो लिहिलं तर डिस्चार्ज कार्ड जोडा, बदली झाली तर बदलीचा आदेश, पत्ता बदलला तर नवीन लाईट बिल किंवा भाडेकरार. "आजारी होतो" असं मोघम लिहून एमबीबीएस डॉक्टरचं मागच्या तारखेचं सर्टिफिकेट आणणारे रोज दिसतात, जजसाहेबांनी ती सर्टिफिकेटं हजारोंनी बघितलेली असतात, त्यापेक्षा "तारीख लक्षात राहिली नाही, माफी असावी" हे चालून जातं असा माझा अनुभव.

अर्ज दिला की त्यावर समोरच्याचा से (लेखी म्हणणं) मागतात, सरकारी केस असेल तर एपीपींचा (सहायक सरकारी वकिलांचा), खाजगी फिर्याद असेल तर फिर्यादीच्या वकिलाचा. ते बहुतेक "कोर्टाने योग्य तो हुकूम करावा" किंवा "कॉस्ट (खर्चाची रक्कम) लावून मंजूर करावा" असं लिहितात. मग पुकारा होतो. तुम्ही आरोपीच्या जागी उभं राहायचं, मोबाईल बंद, हात खिशाच्या बाहेर, साहेबांनी विचारलं की का आला नाहीत तर दोन वाक्यात सांगायचं आणि गप्प बसायचं. गोष्ट सांगत बसू नका, फिर्यादी कसा नालायक आहे हे तर अजिबात नको, त्याचा विषय वेगळ्या दिवशी.

मग साधारण तीनपैकी एक होतं. पहिलं, ताकीद देऊन वॉरंट रद्द, तोच जुना जामीन चालू. दुसरं, कॉस्ट भरा मग रद्द, ती कॉस्ट त्याच दिवशी भरून पावती जोडायची. तिसरं, जुना बॉन्ड जप्त केलेला असतो म्हणून नवीन जामीन द्या. या तिसऱ्याची तयारी करूनच घरातून निघायचं. म्हणजे जामीनदार सोबत, त्याचं आधार, रेशनकार्ड, घरपट्टीची पावती किंवा सातबारा, नोकरीवाला असेल तर पगारपत्रक, दोन फोटो. जामीनदार नाही मिळाला तर कॅश सिक्युरिटीवर सोडण्याची विनंती करता येते, पैसे नाझरकडे (कोर्टाचे पैसे बघणाऱ्या अधिकाऱ्याकडे) भरायचे, ते केस संपल्यावर परत मिळतात, पावती मात्र जीवापाड जपा कारण पाच वर्षांनी तीच लागते. कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर भाड्याने जामीन राहणारे लोक भेटतील, पैसे घेतात आणि उभे राहतात. लांब राहा. खोटे सातबारे, खोटी रेशनकार्डं निघतात आणि मग त्या जामीनदारासोबत तुमच्यावर पण गुन्हा दाखल होतो.

तुमच्या आधीच्या जामीनदाराचा विचार करा जरा. तुम्ही गायब झालात की कोर्ट त्याला नोटीस काढतं की आरोपी आण नाहीतर बॉन्डची रक्कम भर (बीएनएसएस 491). बिचारा मेव्हणा नाहीतर शेजारचा काका असतो, सही करून विसरलेला. भावकीत भांडणं लागलेली बघितलीत याच्यावरून. अर्जातच त्याच्याविरुद्धची कारवाई मागे घ्यावी अशी ओळ टाका.

वकिलाने एकट्याने जाऊन वॉरंट रद्द करून आणावं, आपण ऑफिसला जावं, असं विचारणारे खूप असतात. काही कोर्टात होतं, जामीनपात्र असेल किंवा पहिलीच गैरहजेरी असेल तर. पण एन.बी.डब्ल्यू. ला बहुतेक जज आरोपी समोर हवा म्हणतात, आणि खोटं कशाला बोला, त्यांचं बरोबर आहे, वॉरंट काढलंच हजर करण्यासाठी.

परदेशात असाल तर प्रकरण जरा वेगळं. दुबई, न्यू जर्सीत बसलेल्या माणसाला विमान धरून ये म्हणणं सोपं नाही. वकीलपत्र तिकडून सही करून पाठवायचं, हजेरी माफीचा अर्ज (कायम माफीला बीएनएसएस कलम 228, त्या त्या तारखेपुरत्या माफीला 355) आणि त्यासोबत व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने हजर राहू देण्याची विनंती करता येते. मिळेल की नाही ते केसवर आणि जजवर. पण पासपोर्टचं लक्षात ठेवा, पासपोर्ट कायदा 1967 खाली वॉरंट निघालेल्या माणसाचा पासपोर्ट नाकारता पण येतो आणि जप्त पण करता येतो, आणि लुकआऊट नोटीस निघालेली असेल तर थेट एअरपोर्टवर कळतं. रिन्यूअलला टाकायच्या आधी वॉरंट मिटवा, आणि केस चालू असेल तर कोर्टाची परवानगी घ्या.

पोटगीच्या केसमधलं वॉरंट याच्यात धरू नका. तिथे बऱ्याचदा गैरहजेरीसाठी नाही तर थकलेल्या रकमेच्या वसुलीसाठी निघतं, आणि ते नुसत्या माफीने जात नाही, थकबाकीतलं काहीतरी हातात घेऊनच जावं लागतं. काहीच न भरता उभे राहिलात तर आत जायची वेळ येऊ शकते. आणि आत जाऊन आलं म्हणून थकबाकी माफ होत नाही, ती उभीच राहते.

पैसे नाहीत म्हणून वकील नाही असं असेल तर प्रत्येक जिल्हा कोर्टात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस असतं, तालुक्याला समिती असते, फुकट वकील देतात. महिलांना, एससी एसटीला, दिव्यांगांना, कोठडीत असलेल्यांना उत्पन्नाची अट नाही. हेल्पलाईन 15100.

पोलीस आधीच दारात आले तर

पळू नका आणि वाद घालू नका. वॉरंट बघायला मागा, दाखवायला लागतं. नाव, वडिलांचं नाव, पत्ता, केस नंबर, कोर्ट, जजची सही, कोर्टाचा शिक्का बघा. एकाच गावात एकाच नावाची चार माणसं असतात आणि भलत्यालाच धरल्याची उदाहरणं आहेत, तसं असेल तर आधारकार्ड दाखवा आणि शांतपणे सांगा. जामीनपात्र असेल तर तिथेच बॉन्ड देण्याचा तुमचा हक्क आहे. बाईमाणसाला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही, अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी घ्यावी लागते. घरच्यांना आणि वकिलाला फोन करा, केस नंबरचा फोटो काढून पाठवा, म्हणजे तुम्ही कोर्टात पोहोचायच्या आत वकील फाईल काढून बसलेला असतो, अर्धं काम तिथेच होतं.

"साहेब काहीतरी बघा, दोन दिवसांनी येतो" म्हणून हातात काही ठेवायचं, हे करू नका. वॉरंट तिथेच राहतं, माणूस सापडला नाही असा रिपोर्ट जातो, आणि त्या रिपोर्टावरच कोर्ट पुढची पायरी चढतं, म्हणजे फरारची जाहीर नोटीस. त्यात किमान तीस दिवसांची मुदत देऊन हजर व्हा म्हणतात, मग मालमत्ता जप्ती, आणि त्या नोटिशीलाही हजर झाला नाहीत तर तो स्वतंत्र गुन्हा, तीन वर्षांपर्यंत शिक्षा (बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहिता, कलम 209). पाच हजारांच्या चेकवरून इथपर्यंत पोहोचलेले लोक आहेत. स्वतःहून पैसे मागत असतील तर लाचलुचपतचा नंबर 1064.

रद्द झाल्यावरचं काम

इथेच लोक माती खातात. हुकूम झाला, जीव भांड्यात पडला, वडापाव खाऊन घरी. अहो पण वॉरंटचा कागद पोलीस स्टेशनच्या पेटीत आहे ना अजून. कोर्टातून रद्द झाल्याचं पत्र टपालाने, पैरवीच्या हाताने कधी पोहोचेल त्याचा भरवसा नाही. मुंबईतल्या एका वकिलांनाच, होय वकिलांना, 2002 च्या 15 ऑगस्टला अशा वॉरंटवर अटक झाली होती जे कोर्टाने आधीच रद्द केलेलं होतं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि 2011 मध्ये कोर्टाने सगळ्या कोर्टांना सूचना दिल्या की वॉरंटला नंबर टाका, रजिस्टर ठेवा, रद्द झालं की लगेच पोलिसांना कळवा. सूचना चांगल्या आहेत, कागदावर. तुम्ही तुमचं काम करा.

काम असं की त्याच दिवशी नकल विभागात हुकुमाच्या सर्टिफाईड कॉपीचा अर्ज टाका, अर्जंट. आणि बेंच क्लार्कला विनंती करून वॉरंट रद्दचं पत्र हमदस्त मागा, म्हणजे तुमच्या किंवा वकिलाच्या हाती. ते घेऊन संबंधित पोलीस स्टेशनला जा, एक प्रत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख, घेणाऱ्याची सही घ्या. वॉरंट दुसऱ्या जिल्ह्यात पाठवलेलं असेल तर तिथल्या स्टेशनला पण. ती शिक्क्याची प्रत मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, एक घरच्यांच्या व्हॉट्सॲपवर टाका, गाडीत झेरॉक्स ठेवा. रात्री अकराला नाकाबंदीत तुमचं नाव सिस्टीमला लागलं तर तोच कागद उपयोगी पडणार, "साहेब झालंय रद्द, शप्पथ" ने काही होत नाही. आठवड्याभराने ईकोर्ट्सवर परत बघा, स्टेज बदललीये का.

मग पुढच्या तारखा. येता येत नसेल तर आदल्या दिवशी वकिलाला सांगा, हजेरी माफीचा अर्ज त्या तारखेला सकाळीच पडला पाहिजे, पुकारा होऊन गेल्यावर दिलेल्या अर्जाला अर्थ नाही. ॲपमध्ये केस सेव्ह करता येते, माय केसेस मध्ये टाकून ठेवली की पुढची तारीख दिसत राहते. चेकची केस असेल आणि पैसे देण्याची तयारी असेल तर लोकअदालतीत तडजोड करून केसच मिटवा, कायद्यात तडजोड चालते आणि लोकअदालतीत दोन्ही बाजू जरा नरम असतात. वॉरंट मिटवत वर्षानुवर्षं तारखा करण्यापेक्षा ते स्वस्त पडतं, वकिलांना हे सांगितलेलं आवडणार नाही कदाचित.

घर बदललं, मोबाईल नंबर बदलला की कोर्टात एक पुरसिस (लेखी कळवण्याचा कागद) द्या, नवीन पत्त्याची, सोबत आधारची झेरॉक्स. जामीनदारानेही घर बदललं असेल तर त्याची पण.